दृष्ट कुणी काढायची

…आणि ही एक वांग्याच्या रंगाची. बाकीच्या चिठ्ठ्या पिवळ्या, पोपटी, गुलाबी, पुस्तकाच्या कडेला जिभा काढून बसलेल्या. ही मात्र अर्धी आत गेलेली, पदर ओढून घेतल्यासारखी. सुमित्राबाईंनी मोड आलेला वाल चिमटीत दाबला, दाणा सालातून टुणकन ताटात पडला, आणि बोटं ओली म्हणून त्यांनी मनगटानंच ते पुस्तक जरा आपल्याकडे सरकवलं. उशाला घ्यावं एवढं जाड. आत सगळं इंग्रजी — चौथीत शाळा सुटलेल्या बाईला त्याचं काय — पण रंग कुणालाही मोजता येतात. अकरा. एका पुरुषाच्या गोष्टीत अकरा रंगांच्या बायका.

"ही वांगी कोण गं?"

आरोहीनं लॅपटॉपवरून मान वर केली. नात, वीस वर्षांची, स्टेट कॉलेजला शिकते. मंगळवारपर्यंत ह्या पुस्तकावर निबंध द्यायचा म्हणून शुक्रवारच्या बसनं पार्सिपनीला घरी आलेली, आणि कालपासून तिनं आजीला धरलं होतं — मी तुला स्टोरी सांगते, तुला समजली तर माझ्या प्रोफेसरला पण समजेल. हे कौतुक की अपमान, ते सुमित्राबाईंनी अजून ठरवलं नव्हतं.

"ती? ती रागवणारी. शी इज द अँग्री वन. तिच्यावरच मी पेपर लिहिते आहे."

"मग सांग की. मला चार वाजेपर्यंत दुसरं काय आहे."

चार वाजता ती मुलगी यायची होती. हे त्या बोलल्या नाहीत. ओट्याशी उभ्या असलेल्या आसावरीची पाठ मात्र जरा ताठ झाली… सुनेच्या पाठीवरून सगळं कळतं, तोंड बघावं लागत नाही.

कालपासून जेवढं कळलं ते एवढं — की हे जपानातलं, हजार वर्षांपूर्वीचं, राजवाड्यातलं. राणीच्या पदरी असलेल्या एका बाईनं लिहिलेलं. त्यात राजाचा एक मुलगा, दिसायला असा की बघणाऱ्याचे डोळे भरून यावेत, आणि त्याच्या ह्या बायका, लग्नाच्या, बिनलग्नाच्या. आणि बायका तोंड दाखवायच्या नाहीत, पडद्याआड बसायच्या, मग पुरुष प्रेमात पडायचे ते अक्षर बघून, कागद बघून, चिठ्ठी कुठल्या झाडाच्या फांदीला बांधून आली ते बघून. आणि वास. प्रत्येकाचं अत्तर वेगळं, घरी कुटलेलं. अंधारात नुसती बाही हलली तरी कळायचं कोण आलं.

"एवढ्या बायका, मग स्वयंपाक कोण करायचं?" त्यांनी काल विचारलं होतं.

"पुस्तकात नाही आहे, आजी."

"म्हणजे लिहिणारी चुलीपाशी कधी गेलेली नाही. नाव काय तिचं?"

"खरं नाव कोणालाच माहीत नाही. टोपणनाव आहे फक्त. पण लोक म्हणतात ही जगातली पहिली कादंबरी."

"पुस्तक हजार वर्षं राहिलं आणि बाईचं नाव नाही राहिलं. बरं. आणि जगातली पहिली गोष्ट काय, तर नवऱ्याच्या भानगडी. तिथपासून आहे तर."

आसावरी तेव्हा हसली होती. आरोहीनं ते वाक्य इंग्रजीत करून टाइपसुद्धा केलं. पण सुमित्राबाईंच्या मनात अडकून राहिली ती बाही. त्या पडद्याआडच्या बायकांना माझ्यासारखीच नाकं होती म्हणायची. गुरुवारी हे वाईहून यायचे — धरणाच्या कामावर ओव्हरसियर, दाराशी सरकारी जीप — आणि उंबऱ्याच्या आत पाऊल पडायच्या आधी वास यायचा, वाळ्याच्या अत्तराचा, तो मीच लावून पाठवलेला. आणि त्याच्या खाली दुसरा, शिकेकाईचा, ओल्या केसांचा, जो साताऱ्यात आमच्या घरात कुणाचाच नव्हता. मी सदरा घ्यायची, भिजत टाकायची. बोलायची नाही. बोलणं म्हणजे विचारणं, आणि विचारायला मी काय तिची नोकर होते?

तिची म्हणजे नंदाची. नाव घ्यायला आता काय हरकत आहे. हे जाऊन वीस वर्षं झाली. नंदा अजून वाईत आहे, आणि तिच्या मुलीची मुलगी, नैना, नवऱ्याच्या नोकरीमागं इथे आली आहे, ह्याच गावात, दहा मिनिटांवरच्या अपार्टमेंटात, सातव्या महिन्यात. दोन आठवड्यांपूर्वी तिनं संग्रामला फोन केला आणि पहिल्याच वाक्यात 'मामा' म्हणाली. सुमित्राबाईंचा मुलगा अठ्ठावन्न वर्षांचा, ऑफिसात पन्नास माणसं हाताखाली — आणि फोन कानाला लावून दारात असा उभा राहिला, की बाप आठवावा.

त्या मुलीच्या आईला, सुचित्राला, व्हिसाची तारीख मिळाली ती बाळ झाल्यानंतरची. माहेरचं माणूस नाही. आसावरी म्हणाली, "मी भरते की ओटी." विचारलं नाही, सांगितलं. इथवर ठीक. मग नैनाचा आवाजी मेसेज आला आणि आसावरीनं तो सगळ्यांसमोर लावला:

"मामी, आजीचा फोन होता. ती म्हणाली, ओटी कुणीही भरा, पण दृष्ट मोठ्या आजींनीच काढायची. त्यांच्याच हातानं. चालेल ना?"

मोठ्या आजी. म्हणजे मी.

तेव्हापासून आसावरीनं तीनदा विचारलं होतं आणि तीनदा त्या "बघू" म्हणाल्या होत्या. तिला काय कळणार! मुलुंडात वाढलेली. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा — ज्याची नजर लागली त्याच्याच हातानं उतरवून घ्यायची, म्हणजे ती मुळापासून जाते. नंदानं हे निरोपात कुठंही म्हटलेलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. आता दृष्ट काढली तर त्रेपन्न वर्षांनी कबूल केल्यासारखं होतं, आणि नाही काढली तर… तर पोटुशी पोर तशीच परत जाते, आणि पुढे काही झालं तर—

"आई," आसावरी कुकरची शिट्टी चढवत म्हणाली, "तुम्ही आज त्या मुलीशी नीट वागा हं. आरोहीला तुम्ही महिनाभर हातात घेतलं नव्हतं. मी तेव्हा बोलले नाही. पण ही बिचारी तेवढ्यासाठी येते आहे."

"वीस वर्षांनी बोललीस, लवकर बोललीस."

"ममा! आजी! मी स्टोरी सांगू की नको?"

"सांग गं. तुझी आई दमली की थांबेल."

आरोहीनं पाय खुर्चीवर घेतले. "ओके. तर ही पर्पलवाली खूप प्राउड आहे. शिकलेली, अक्षर सगळ्यात बेस्ट. तो तिच्याकडे जायचा, मग जाणं कमी केलं. ती काहीच बोलत नाही. भांडत नाही. पण ती झोपली ना, की तिचा राग बॉडीतून बाहेर जातो."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे ती इथे झोपलेली आणि तिचा राग तिकडे, त्याच्या बायकोच्या घरी. बायको प्रेग्नंट आहे. ती आजारी पडते. मग पुजारी येतात, मंत्र म्हणतात, आगीत खसखस टाकतात. काही लोक म्हणतात मोहरी—"

हातातली डाळिंबी निसटून टेबलाखाली गेली. सुमित्राबाई वाकल्या नाहीत.

"—आणि बायको मरते, आजी. बाळ वाचतं, ती मरते. आणि इकडे ही उठते तर हिच्या केसांना त्या मोहरीचा वास! हिच्या घरात कोणी काही जाळलं नव्हतं. ती केस धुते, कपडे बदलते, परत धुते. जातच नाही. मग तिला कळतं की आपण गेलो होतो तिकडे. दुसऱ्या कोणालाच माहीत नाही."

"तिनं कुणाला सांगितलं नाही?"

"नाही."

"मग लिहिणारीला कसं कळलं?"

"आजी, इट्स फिक्शन."

"ते असेल. पण धुतल्यावरसुद्धा तो वास जात नाही, हे तिला कुणी सांगितलं?"

आरोहीनं खांदे उडवले. सुमित्राबाई मात्र त्या वांगी चिठ्ठीकडे बघत राहिल्या, आणि त्यांना हसूच आलं, वेगळंच — जपानात, हजार वर्षांपूर्वी, पडद्याआड बसलेली एक बाई, बोटांना शाई, आणि तिला हे ठाऊक…

त्रेपन्न वर्षांपूर्वीचा एप्रिल होता. गच्चीवर कुरडया घालत होते, हात कोपरापर्यंत चिकाचे. गुरुवार नव्हता आणि हे आले. आंघोळ नाही, दाढी नाही, जिन्याच्या तोंडाशी उभे. म्हणाले, "गेलं. मुलगा होता." कुणाचा ते मी विचारलं नाही. मग म्हणाले, "दोन दिवस तडफडली. अंगारे झाले, मोहऱ्या जाळल्या, सगळं झालं. जाणकार म्हणाला, घरातल्याच बाईची नजर आहे." आणि माझ्याकडे असं बघितलं… उन्हामुळं डोळे बारीक केले असतील, काय माहीत. "तुझ्याशिवाय कोण बघणार तिच्याकडे?"

आणि मी नाही म्हणाले नाही.

कशी म्हणणार? मी खरंच बघितलं होतं. त्यांना ते माहीत नव्हतं. फाल्गुनात, भावाच्या घरी जाते म्हणून एस.टी.नं वाईला उतरले, घाटावर गेले, देवळाच्या भिंतीआड उभी राहिले, आणि ती खाली धुणं धूत होती, पोट दिसायला लागलं होतं. किती वेळ बघितलं? घटकाभर. जास्तच. मग उलट्या गाडीनं परत. म्हणून त्यांनी अंधारात मारलेला दगड बरोबर लागला. मी हात धुतले, चीक निघाला, पण यांच्या सदऱ्याला आलेला तो करपल्या मोहरीचा वास बोटांत राहिला. आठ दिवस त्या हातानं जेवण गेलं नाही.

आणि तेव्हापासून… तेव्हापासून सुमित्राबाईंनी आपली नजर सांभाळली. लोक म्हणायचे जीभ तिखट. जिभेचं काय, जीभ सगळ्यांना दिसते. कुणाचं बाळ समोर आणलं की त्या त्याच्या टोपड्याकडे बघायच्या, पायातल्या वाळ्यांकडे बघायच्या. आरोही जन्मली, इथल्या हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत, आसावरी म्हणाली, "आई, घ्या ना" — आणि त्या म्हणाल्या, "माझे हात गार आहेत." महिनाभर हात गारच राहिले. तोपर्यंत सुनेनं मनात काय लिहायचं ते लिहून घेतलं होतं.

"आता माझा पॉइंट ऐक," आरोही म्हणाली. "रूममध्ये एवढे पुजारी, नोकर, आईवडील. पण ते भूत तिचं आहे, हे ओळखलं कोणी? ती दिसली कोणाला? फक्त त्याला. एकट्याला. सो मेबी ती गेलीच नव्हती. बायकोकडे त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं, ते त्याला टोचत होतं. त्याला भूत पाहिजे होतं, आजी. ब्लेम करायला."

"आणि केसातला वास?"

"तेच तर! लोक तिच्याबद्दल बोलतायत, हे तिला माहीत आहे. सो ती स्वतःच बिलीव्ह करते. वास नसतोच. तिला वाटतो."

"काहीतरीच!" सुमित्राबाईंचा आवाज इतका चढला की आसावरी वळली. "एवढी मोठ्या घरची, एवढं अक्षर, आणि तिला साधा वास कळत नाही? ती काय बावळट होती? जाऊन आली ती. चांगली जाऊन आली. लिहून टाक तसं."

"चिल, आजी! दोन्ही लिहिणार आहे. पुस्तकात दोन्ही होऊ शकतं, म्हणून तर अजून लोक वाचतात."

राग का आला? वालाची सालं मुठीत घेऊन त्या बसून राहिल्या आणि आपल्याच रागाकडे बघत राहिल्या, परक्याची वस्तू बघावी तशा. पोरगी सोडवत होती खरं तर. त्रेपन्न वर्षांचं ओझं उतरव म्हणत होती, आणि आपण धरून ठेवलं, पर्स ओढणाऱ्याच्या हातातून पर्स धरावी तसं. म्हणजे काय? म्हणजे… यांचं मन तिकडे होतं, गुरुवार सोडून सहा दिवस तिकडे, अत्तर मी लावायचं आणि झिजायचं तिकडे, आणि त्या सगळ्यात माझं असं एकच होतं, की माझ्या नजरेत तेवढा दम होता. नुसतं बघितलं आणि… पापी असेन, पण रिकामी नव्हते. आणि आता ही पोरगी सांगते, तू कुठं गेलीच नव्हतीस. तू घरीच होतीस. कुरडया घालत होतीस.

हे जास्त वाईट होतं. पण आता ते डोक्यात शिरलं होतं आणि डोकं थांबेना. दोन दिवस तडफडली — हे कुणी सांगितलं? यांनी. जाणकार असं म्हणाला — कुणी सांगितलं? यांनीच. नंदाच्या तोंडून मी एक शब्द ऐकलेला नाही, तेव्हा नाही, नंतर नाही. दोन दिवस. आणि सरकारी जीप दाराशी. वाईहून साताऱ्याचं सिव्हिल किती लांब, जीपनं तासाभराचा रस्ता… मग नेलं का नाही? सिव्हिलमध्ये पहिल्यांदा कागद पुढं करतात. बाईचं नाव. नवऱ्याचं नाव. तिथं काय लिहिलं असतं? साताऱ्यात, जिथं प्रत्येक कारकून यांना ओळखत होता?

सुमित्राबाईंनी हे इतक्या वर्षांत कधी एकापुढं एक मांडलं नव्हतं. आकडे समोर होते. बेरीज करायचं कारण नव्हतं, उत्तर आधीच माझ्या नावावर लिहिलेलं होतं.

चार वाजता घंटी वाजली. नैना आली — उंच, दमलेली, हातात केकचा खोका, नवरा मागं गाडी लावत. वाकून नमस्कार करायला लागली तर आसावरीनं धरली, "अगं, वाकू नकोस यार, ह्या अवस्थेत!" संग्राम उगाच खुर्च्या सरकवत राहिला. ओटी झाली. हिरवी साडी, नारळ, तांदूळ. मोगरा मिळाला नाही म्हणून दुकानातली पांढरी शेवंती. डाळिंब्यांची उसळ नैनानं दोनदा मागून घेतली. "आजी करते तशीच आहे," म्हणाली, आणि मग जीभ चावली.

"तिच्यात गूळ जास्त असेल," सुमित्राबाई म्हणाल्या.

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

"वाईचे लोक गूळच घालतात सगळ्यात."

नैना खळखळून हसली. हे बोलता आलं ह्याचं सुमित्राबाईंनाच नवल वाटलं. विचारावंसं वाटलं अजून — बरंच. तुझी आजी कशी बसते, गुडघे दुखतात का तिचे, माझ्याबद्दल बोलते तेव्हा कुठल्या आवाजात बोलते? 'त्यांच्याच हातानं' म्हणाली, ते कसं म्हणाली? तोंड कडू करून, की ताटातला घास पुढं करावा तसं? पण घास तोंडात असलेल्या पोरीला हे विचारायचं नसतं.

नोव्हेंबरात इथे साडेचारलाच दिवे लागतात. आसावरी वाटी घेऊन आली — मीठ, मोहरी, लाल मिरच्या. ती पुढं धरली. मग हळूच, "आई, काढणार असाल तर डेकवर. आत धुराचा अलार्म ठणाणा करतो."

मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकवर खुर्ची मांडली होती. शेजारचा माणूस पानं उडवायचं यंत्र घेऊन आवारात फिरत होता. नैना खुर्चीत बसली, शाल गुंडाळून, मांडीवर नारळ, आणि शाळेत फोटो काढताना बसतात तशी सरळ समोर बघत राहिली. सुमित्राबाईंनी दोन्ही मुठी भरून घेतल्या. नियम असा की काढणाऱ्यानं बोलायचं नाही, मनातच म्हणायचं — आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची, भुताखेताची… हजारदा म्हटलेलं. दरवेळी 'घरच्याची' म्हणताना त्या स्वतःला मोजायच्या. त्या शब्दात इतकी वर्षं दुसरं कुणी नव्हतंच. आज शब्द ओठांच्या मागं आला आणि तिथं गर्दी दिसली. जीप घेऊन उभा असलेला एक माणूस. अत्तर लावलेला. बापाची दृष्ट लागते असं कुणी म्हणत नाही. त्याला त्या यादीत जागाच नाही.

आणि मी? मी कुठं उभी होते? भिंतीआड. काय होतं त्या नजरेत? आजवर ती आठवताना राग आधी यायचा आणि मग घाट दिसायचा. आज राग आला नाही, म्हणून घाट पहिल्यांदाच नीट दिसला. नंदा पिळा मारत होती, डाव्या हातानं, डावखुरी होती. नऊवारीचा काष्टा वर खोवलेला. टाचांना भेगा, माझ्याहून मोठ्या, त्यात काळी माती. मला वाटलं होतं कुणी नाजूक असेल, पायात पैंजण वगैरे. मी बघत होते की ही तर… ही तर राबते. एवढंच बघत होते बहुतेक. वाईट चिंतलं होतं? असेलही, येताना गाडीत, जाताना गाडीत. पण त्या घटकाभरात, भिंतीला गाल लावून… मला वाटतं मी नुसती बघत होते. ही कोण आहे, हे बघत होते.

खात्री नाही. ह्या वयात खात्री कुठून आणायची. नंदानं काय म्हणून निरोप दिला तेही कळलेलं नव्हतं, आणि तिला हे सगळं माहीत होतं, की ती त्याच एका माणसाचं ऐकून माझ्यासारखीच बसून राहिली होती, तेही नाही.

"मोठ्या आजी, मी डोळे मिटू का?" नैनानं विचारलं.

"मिटू नकोस," सुमित्राबाई म्हणाल्या. बोलायचं नसतं हे त्या विसरल्या. हात अजून वर उचलला नव्हता; उचलायचा की नाही ते मुठींनाही माहीत नव्हतं. त्यांनी पोरीच्या तोंडाकडे बघितलं. टोपड्याकडे नाही, पायांकडे नाही. कपाळ रुंद. ओठांच्या वर लव. डाव्या भुवईत एक केस उलटा, हट्टी. पोरगी जरा लाजली, हसली, पण तिनं नजर काढून घेतली नाही, आणि सुमित्राबाई बघत होत्या, अजून बघत होत्या, आणखी किती आहे ते बघत होत्या.